सतरावी सही

त्या माणसाचा मोबाइल नंबर मला अजूनही पाठ आहे. माझ्या पोरीचा विचारला तर मी अडखळते, त्याच्या नंबरात मात्र एक आकडा चुकत नाही. कितीतरी वर्षं सरकारी कागदांवर तोच माझा नंबर होता.

घाटंजीच्या एका जिनिंगमध्ये मी मशीनवर होते. समोर कापूस लावायचा, सरकी एकीकडे पडायची, रुई दुसरीकडे. आम्ही काही जण कायम होतो, म्हणून आमचा पीएफ कापला जायचा. ते सगळं ऑफिसातला बाबू पाहायचा. एकदा कारखान्यातच आधार कार्डाचं शिबिर लागलं. आमच्यापैकी बहुतेकांकडे तेव्हा फोन नव्हता. फॉर्मवर नंबराची जागा रिकामी पाहून बाबू म्हणाला, "माहा नंबर टाकून देतो. तुमाले कायले झंझट?"

आम्ही त्याचे आभार मानले. तो चहा घेत होता, आम्ही हात जोडून उभ्या होतो. ते आठवलं की अजून माझे कान तापतात.

शेजारच्या मशीनवर माझी जोडीदारीण होती. आम्ही एकाच वस्तीतल्या, एकाच हंगामात कामाला लागलेल्या. दुपारी एकाच डब्यातून खायचो. तिला आयुष्यात एकच गोष्ट करायची होती, बोधगयेला जायचं होतं. विहारातून दरवर्षी एक बस जायची आणि दरवर्षी हिचं काहीतरी निघायचं. कधी सासू आजारी, कधी नातवंडाचा जन्म. "पीएफ आला का पयली सीट माही," असं ती मशीनच्या आवाजावर ओरडून सांगायची.

अठ्ठावन्न पूर्ण झाल्यावर आम्ही दोघी पाठोपाठ घरी बसलो आणि पैसे काढायला बाबूकडे गेलो. तेव्हा कळलं की आपल्याच पैशाच्या दाराला तीन कुलपं आहेत. पीएफ खात्याचा एक बारा आकडी नंबर, एक पासवर्ड, आणि ऐन वेळी मोबाइलवर येणारा ओटीपी. बारा आकडे बाबूच्या वहीत. पासवर्ड बाबूनं ठेवलेला, सगळ्यांचा एकच. आणि ओटीपी यायचा बाबूच्या फोनवर, जो तो टेबलाच्या खणात ठेवायचा.

"आला का जी?" आम्ही विचारायचो.

"सर्व्हर डाऊन आहे. उद्या या."

दुसऱ्या दिवशी गेलं की तो शेठकडे गेलेला असायचा. तिसऱ्या दिवशी खणातला फोन वाजलेला आम्ही कानानं ऐकला. बाबू पान लावत बसला. पान झालं, तोंडात गेलं, मग त्यानं फोन बाहेर काढला. "अरे, दहा मिनिटाची मुदत रायते त्याले. संपली. सोमवारी पाहू."

एका सोमवारी म्हणाला, "घरी गहू आले आहेत, बाईच्यानं एकटीच्यानं निवडणं होत नाही." आम्ही दोघींनी त्याच्या ओसरीवर बसून दोन दिवस गहू निवडले. त्याच्या बायकोनं पाणी दिलं, ते वरून ओतून. जोडीदारीण माझ्याकडे पाहून हसली. मला नाही हसू आलं. त्यानंतरही ओटीपी मिळाला नाही.

मी एकदा विचारलं, "बाबूजी, माह्या पोरीचा नंबर टाकता येईन का?"

त्यानं मान वर न करता सांगितलं, "नंबर बदलला का खातं बंद पडते. मंग माह्याकडं रडत येऊ नको."

आम्ही घाबरलो आणि गप्प बसलो. तो घाबरवण्यातच पटाईत होता.

त्या वर्षीची बस सकाळी सातला विहारासमोरून निघाली. जोडीदारीण निरोप द्यायला आली होती. नवी पांढरी साडी नेसून आली होती, कारण ती साडी तिनं त्या प्रवासासाठीच घेऊन ठेवली होती आणि आता दुसरं काय करायचं तिचं. खिडकीतून तिनं एका बाईच्या हातात मेणबत्तीचा पुडा दिला. "माह्या नावानं लाव वं तिथी," म्हणाली. बस वळणावरून दिसेनाशी झाली तरी उभीच राहिली.

पुढच्या बसच्या आधीच ती गेली. भाकरी थापताना छातीत कळ आली. यवतमाळला नेईपर्यंत संपलं होतं. तेराव्या दिवशी मी तिच्या सुनेकडे बसले होते, तेव्हा बाबूचा निरोप आला, वारसाचे कागद आणा. सून रडली. मी रडले नाही.

माझी पोरगी आर्णीला दिली आहे. तिच्याकडे गेले तेव्हा आधारच्या केंद्रात जाऊन बसले. खुर्चीवर एक तरुण बाई होती. तिला विचारलं, नंबर बदलायला काय काय कागद लागतात?

"काहीच नाही लागत मावशी. फक्त अंगठा."

मी पुन्हा विचारलं. तिनं पुन्हा तेच सांगितलं. खातं बंद पडतं का, असं विचारल्यावर ती हसायला लागली. मग माझा चेहरा पाहून थांबली.

अंगठा उमटेना. इतकी वर्षं कापसाशी घासून रेषा पुसल्या होत्या. दहाही बोटं लावून पाहिली. शेवटी तिनं एक दुर्बिणीसारखं यंत्र माझ्या डोळ्यांसमोर धरलं आणि म्हणाली, "मोठे करा डोळे." मी इतके मोठे केले की ती दचकली. पण काम झालं. काही दिवसांनी नंबर बदलला. पोरीनं तिच्या मोबाइलवर आधी आधारवरून ते बारा आकडे काढले, मग 'पासवर्ड विसरलात का' हे दाबलं, ओटीपी तिच्याच हातात आला, आणि नवा पासवर्ड काय ठेवायचा म्हणून तिनं मला विचारलं. मी सांगितला. पोरगी म्हणाली, "आई, ही शिवी आहे."

"माईत आहे मले. पुढं त्याच्या जन्माचं साल टाक."

माझे पैसे महिन्याच्या आत आले. ते मोजताना आनंद झाला नाही. एका अंगठ्याचं काम होतं. एका सकाळचं.

घाटंजीला परत आल्यावर मी घरोघर गेले. बाबूच्या नंबराला बांधलेली माणसं शोधून काढली. बाजाराच्या दिवशी चौघाचौघांना ऑटोत घालून केंद्रावर नेलं. ज्यांचे अंगठे उमटत नव्हते त्यांना सांगितलं, डोळे मोठे करा, घाबरू नका. तिसऱ्या खेपेनंतर बाबू माझ्या दारात आला.

"कोणाले विचारून करून राह्यली हे?"

"फोन वाजत नाही का आता तुमचा?" मी म्हटलं.

तो शिव्या देत गेला. मी त्याच संध्याकाळी अर्ज लिहायला बसले. किती फेऱ्या, कोणाकडून कोणती कामं करवून घेतली, सगळं. सतरा जणांनी सह्या केल्या, काहींनी अंगठे दिले. जोडीदारणीच्या जागी तिच्या सुनेनं सही केली. अर्ज पीएफच्या ऑफिसात गेला, तिथून शेठला पत्र आलं, आणि शेठनं बाबूला टेबलावरून उठवून घरी पाठवलं.

खरी मजा पुढं झाली. बाबू स्वतःचे पैसे काढायला गेला, तर त्याच्याच जन्मतारखेत चूक निघाली. आधारवर एक, पीएफच्या कागदावर दुसरी. दुरुस्तीच्या फॉर्मवर शेठची सही लागत होती. शेठ म्हणाला, "आधी त्या सतरा जणांकडून लिहून आण की आता तक्रार नाही. मगच सही."

बाबू हिंडू लागला. एक जण मारेगावला राहायला गेला होता, तिथंही गेला. लोकांनी पटापट सह्या दिल्या याचा मला फार राग आला. जोडीदारणीच्या सुनेनं तर त्याला चहा पाजला. "म्हातारा झाला वो तो," ती मला म्हणाली.

"तुही सासूबी म्हातारीच होती," मी म्हटलं.

सोळा सह्या झाल्या. राहिले मी.

पहिल्यांदा आला तेव्हा मी म्हटलं, चष्मा सापडत नाही. दुसऱ्यांदा, पोरीला विचारते. तिसऱ्यांदा त्याला अंगणात उन्हात उभं ठेवून भांडी घासली, एकेक भांडं दोनदा. आधी 'ए बाई' म्हणायचा, आता 'ताई' म्हणू लागला होता. चौथ्यांदा त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "ताई, बायकोची डायलिसिस सुरू आहे. सांगा काय करू?"

बायकोचं ऐकून मी क्षणभर थांबले, हे खोटं नाही सांगणार. पण क्षणभरच.

"तुमी काय केलं ते कागदावर लिहा," मी म्हटलं, "अन् रविवारी विहारात सगळ्याईसमोर वाचा. तिथंच सही देतो."

दोन रविवार तो आला नाही. तिसऱ्या रविवारी वंदना झाल्यावर दाराशी चपला काढताना दिसला. लोकांनी जागा करून दिली. तो उभा राहून वाचू लागला. कागद सरकारी भाषेतला होता. माझ्याकडून विलंब झाला, अनवधानाने गैरसोय झाली, सदर महिलेस वेळेत लाभ मिळू शकला नाही.

मी उठून उभी राहिले. "सदर महिला कोण?"

त्यानं पुन्हा कागदात पाहिलं.

"नाव घ्या तिचं. अन् अनवधानानं नाही झालं. फोन खणात होता. वाजला होता. आमी ऐकला."

सून खाली मान घालून पदराचा काठ दुमडत होती. बाबूनं जोडीदारणीचं पूर्ण नाव घेतलं, नवऱ्याच्या नावासकट, आडनावासकट. मग म्हणाला, "फोन वाजला होता. मी मुद्दाम नाही उचलला." आवाज फाटला होता त्याचा. मी त्याला तेवढंच वाक्य पुन्हा म्हणायला लावलं, कारण मागच्या बायांना ऐकू गेलं नव्हतं.

मग सही केली. सावकाश, पूर्ण नावाची. त्यानं कागद घडी करून खिशात घातला आणि मागं न पाहता निघून गेला. त्याचं काम झालं असं नंतर कानावर आलं.

सून म्हणाली, असं केल्यावर मनाला बरं थोडंच वाटतं. मला वाटलं. घरी जाऊन मी पिठलं केलं आणि रोजच्यापेक्षा एक भाकरी जास्त खाल्ली.