कंपनीच्या खर्चाने आलेले कान

टॅक्सचं नाव काढलं की दीसा आयनार्सनच्या कपाळाला आठ्या पडायच्या. चोरी करणाऱ्यांतली ती नव्हे हं, दुकानाचा पैन् पै दाखवायची. पण कायद्यानेच सोडलेली एखादी फट असावी आणि आपण तिच्यातून जाऊ नये, हे काही तिच्या पचनी पडत नसे. कॅनडातल्या गिमली गावात सरोवराच्या धक्क्याला लागून तिचं माशांचं दुकान, मागे माशांना धुरी द्यायची भट्टी, वर राहायच्या खोल्या. नवरा गेल्यावर सगळं एकटीने सांभाळलं, असं ती म्हणायची आणि गावही माना डोलवायचं.

एकटीने कसलं! भट्टी तर स्काप्ति सांभाळायचा. स्काप्ति तिचा धाकटा भाऊ. तरुणपणी सरोवरावर मासेमारी करायचा. एका हिवाळ्यात बर्फाखालून जाळी ओढताना दोरात हात सापडला आणि दोन बोटं गेली. होडी विकावी लागली. तेव्हा दीसाच म्हणाली, "ये माझ्याकडे. दोन घास जास्त शिजवीन, त्यात काय मोठंसं!" तो आला तो कायमचाच. पहाटे उठून लाकडं पेटवायची, दिवसभर मासे साफ करायचे. तसल्या हाताने पिकरेल मासा असा सोलायचा की काट्याचं नाव नको. पगार? सख्ख्या भावाला कोण पगार देतं! लागतील तसे पैसे ती हातावर ठेवायची. त्याने कधी तोंड उघडून मागितले नाहीत.

आधी होडीच्या इंजिनाने, मग भट्टीच्या पंख्याने त्याचे कान पार गेले. हळूहळू लोक त्याच्यासमोरच त्याच्याविषयी बोलायला लागले. "आज स्वारी घुश्शात दिसते," गिऱ्हाईक म्हणायचं. "नाक बघ कसं फुगलंय," दीसा म्हणायची, आणि स्काप्ति दोघांकडे बघून छान हसायचा. आवाज खाली आणायची सवयच राहिली नाही तिला.

तरी भावावर जीव होता तिचा, त्यात खोटं नाही. त्याला कानाची यंत्रं घेऊन द्यायची हे तिने मनाशी पक्कं केलं होतं. पण आमच्याकडे डॉक्टर सरकारचा असला तरी दात, डोळे आणि कान ज्याचे त्याने बघायचे. किंमत ऐकून ती मटकन खाली बसली आणि हिशेबनीस होलोवाच साहेबांना फोन लावला.

"स्वतःच्या खिशातून देऊ नका, दीसाबाई," साहेब म्हणाले. "तसं केलंत तर आधी दुकानाच्या कंपनीतून पगार उचलणार, त्यावर टॅक्स भरणार आणि उरल्यासुरल्यातून यंत्रं घेणार. त्यापेक्षा कंपनीचं आरोग्य खातं काढू. पैसे कंपनी भरेल, तुमचा आणि घरच्यांचा औषधपाण्याचा खर्च त्यातून निघेल. कंपनीच्या दृष्टीने तो धंद्याचा खर्च, आणि तुम्हाला त्यावर टॅक्स नाही."

"भावाचे कानसुद्धा?"

"तुमच्याच घरात राहतो, तुमच्यावर अवलंबून आहे. मग कानसुद्धा."

"अहो, मग इतकी वर्षं काय झोपला होतात?" दीसा म्हणाली. तिला आभाळ ठेंगणं झालं होतं.

यंत्रं बसवायला ती स्वतः त्याला विनिपेग शहरात घेऊन गेली. येताना वाटभर तो गाडीच्या खिडकीची काच वरखाली करून वारा ऐकत होता. घरी आले तर होलोवाच साहेब कागद घेऊन हजर. दीसाने कॉफी ओतली, आलुबुखाराच्या सारणाचा थरांचा केक कापला. स्काप्ति पाठ करून मोरीशी हात धूत होता.

"एक विचारायचं राहिलं," साहेब म्हणाले. "स्काप्ति दुकानात काम करतो का? करत असेल तर सरळ पगारावर घेऊ. कामगार म्हणून त्यालाही हे खातं मिळेल. फक्त पगार आला, पेन्शनचा वाटा आला."

"काम? छे हो!" दीसा नेहमीच्या आवाजात म्हणाली. "लुडबुडतो आपला. एवढा मोठा बाप्या, पण माझ्याच जिवावर बसून खातो. जाणार कुठे बिचारा?"

स्काप्तिने नळ बंद केला. हात पुसले. मग वळून म्हणाला, "पाण्याचा केवढा आवाज होतो गं, ताई."

तो जिना उतरून गेला तशी दीसा मागोमाग धावली.

"अरे, ते टॅक्ससाठी बोलले मी! तुला ठाऊक नाही का, तू नसतास तर ही भट्टी..."

"टॅक्ससाठी का होईना," तो म्हणाला, "पण किती पटकन सुचलं तुला."

त्याच संध्याकाळी तो जवळच्या रिव्हरटन गावी गेला आणि एका जुन्या मित्राकडे खोली घेऊन राहिला. दीसाने भट्टी पेटवून पाहिली. मासे कडू झाले, आणि आपल्याच दुकानात आपल्याला लाकूड किती घालायचं ते ठाऊक नाही याची तिला भयंकर शरम वाटली. शेवटी ती त्याच्या दाराशी जाऊन उभी राहिली. "चुकले मी. रीतसर पगार देते. पण परत ये रे."

तो म्हणाला, "येतो. कामाला येतो."

होलोवाच साहेब तर खूशच झाले. "हे आधीच करायला हवं होतं! त्याचा पगार धंद्याचा खर्च, त्याचं आरोग्य खातंही धंद्याचा खर्च. तुमचा टॅक्स आणखी खाली येणार, बघा!" दीसाला रडूच कोसळलं. ते बिचारे समजले, बाईंना आनंद झाला.

आता तो सकाळी आठला येतो आणि चारला जातो. मासे पूर्वीसारखेच होतात, गिऱ्हाईक नावाजतं. दुपारी दीसा जिन्यात येऊन हाक मारते, "स्काप्ति, सूप गरम आहे रे. वर ये की."

खोक्यावर बसलेला स्काप्ति अदबीने उठून उभा राहतो.

"नको, दीसाबाई. डबा आणलाय मी."