पाहुण्यांसाठी जाळी

माझा धाकटा दीर इटलीत गाईंच्या गोठ्यावर कामाला आहे. घरी होता तोवर त्याने शेणाच्या पाटीला कधी हात लावला नाही. धार काढायची वेळ झाली की नेमकं त्याच्या पोटात दुखायचं. आता तो विमानात बसून जाऊन परक्यांच्या गाईंचं शेण काढतो आणि सासूबाई त्याचा गोठ्यातला फोटो आळीभर दाखवत फिरतात. यंदा तो चैत्रात यात्रेसाठी सुट्टी काढून आला आणि येताना अख्ख्या गावाला पुरून उरेल एवढं शहाणपण घेऊन आला.

ते शहाणपण कुणाच्या कामी आलं हे सांगण्याआधी आदल्या वर्षीचं भांडण सांगायला हवं. माझं माहेर लोणीच्या बाजूचं, सासर बेल्ह्याजवळचं. दोन्ही गावांना बैलगाडा शर्यतीचं वेड. दोन्ही गावं एकमेकांना मुली देतात आणि एकमेकांच्या घाटात, म्हणजे शर्यतीच्या चढाच्या वाटेवर, गाडे पळवतात, म्हणजे भांडणाची सोय कायमचीच. माझ्या धाकट्या भावाचा स्वतःचा गाडा आहे. बैलांना तो दूध काय, अंडी काय, सगळं चारतो. भावजय म्हणते, या घरात मी बैल म्हणून आले असते तर बरं झालं असतं.

आदल्या वर्षी आमच्या यात्रेत त्याचा गाडा पळाला. घाटाच्या वरच्या टोकाला झेंडा घेऊन उभे होते आमचे हे. बैलांनी शेवटची रेघ ओलांडली की झेंडा पाडायचा आणि झेंडा पडला की घड्याळ थांबतं, असा हिशेब. यांना एवढं एक काम तरी बिनचूक येतं, असं मी इतकी वर्षं धरून चालले होते. त्या दिवशी बैल आधी गेले आणि झेंडा मागाहून पडला, असं माझ्या माहेरचं म्हणणं. झेंडा वेळेवरच पडला, माहेरच्यांचे डोळेच पुढे पळत होते, असं सासरचं म्हणणं. पहिला नंबर आमच्या गावच्या गाड्याला गेला आणि घाटात एकच गोंधळ उडाला.

टोप्या उडाल्या, चपला उडाल्या, भंडाऱ्याच्या पिशव्या फुटून सगळे पिवळे झाले, त्यामुळे कोण कुठल्या गावचा तेही ओळखू येईना. निवेदक कर्ण्यावरून "शांतता राखा" म्हणत होता, तोही शेवटी माइक टाकून गर्दीत घुसला. पण अडचण वेगळीच होती. ज्याची कॉलर धरावी तो कुणाचा तरी साडू नाहीतर व्याही निघायचा. माझे चुलते आणि माझे मामेसासरे एकमेकांची गचांडी धरून उभे होते, आणि तशातच चुलत्यांनी विचारलं, "तुमच्या पोरीचं जमलं का वो?"

"न्हाई अजून. बगा की एखादं स्थळ," मामेसासरे म्हणाले. मग कशासाठी जमलोय ते आठवून दोघांनी एकमेकांना पुन्हा गदागदा हलवलं.

कुणाला फारसं लागलं नाही. पण भाऊ यांना म्हणाला, "दाजी, तुमी मुद्दाम केलं." हे म्हणाले, "पावणं, तोंड सांभाळा." आणि या दोन वाक्यांवर वर्ष गेलं. त्या दिवशी भाऊ बैल टेंपोत चढवून माझ्या दारावरून तसाच गेला, जेवायला थांबला नाही. दिवाळीला मला न्यायला आला नाही. भाऊबीजेची साडी टेंपोवाल्याबरोबर पाठवली. तो टेंपोवाला अंगणात असा अवघडून उभा राहिला की याला पाटावर बसवून ओवाळावं लागतंय की काय, असं मला वाटलं. तो गेल्यावर मी खूप रडले. हे म्हणायचे, "मी काय केलंय?" भाऊ फोनवर म्हणायचा, "मी काय केलंय?" दोघांनीही काही केलं नव्हतं आणि माझं माहेर मात्र बंद झालं होतं. यंदाच्या यात्रेलाही तो माझ्याकडे न जेवता गेला, तर मग तो येणारच नाही, हे मला पक्कं कळत होतं. न बोलण्याची माणसाला फार लवकर सवय लागते.

तर यात्रा कमिटीची बैठक देवळापुढे बसली. यंदा पुन्हा मारामारी नको, यावर सगळ्यांचं एकमत होतं आणि बाकी कशावरच नव्हतं. तेव्हा माझा दीर उठला आणि त्याने इटलीतल्या फुटबॉलची हकीकत सांगितली.

तिकडे म्हणे दर रविवारी आपल्या यात्रेसारखीच गर्दी. दोन गावचे लोक मैदानाच्या दोन टोकांना, मधे जाळी आणि शिरस्त्राणं घातलेले पोलीस. लोक रंगीत धूर सोडतात, बाटल्या फेकतात, खुर्च्या उपटून फेकतात, समोरच्यांच्या आईबहिणीची गाणी चालीवर म्हणतात. एकदा हा हौसेने सामना बघायला गेला. थंडी होती म्हणून बेल्ह्याच्या बाजारातून नेलेली लोकरी माकडटोपी घालून गेला. त्या टोपीवरचे दोन पट्टे नेमके बाहेरगावच्या संघाच्या रंगाचे निघाले. हा बसला होता घरच्यांच्या गर्दीत. आधी मागून टपली, मग पुढून थप्पड. पोलिसांनी याला ओढून बाहेर काढलं आणि टोपी बघून पाहुण्यांच्या जाळीत नेऊन टाकलं. तिथे लोकांनी याला मिठ्या मारल्या. सामना संपल्यावर जाळीतल्यांना तासभर कोंडून ठेवलं आणि मग पोलिसांनी सगळ्यांना बसमध्ये घालून त्यांच्या त्यांच्या गावी पोचवलं. म्हणजे हाही त्या गावी पोचला. "मी वरडत व्हतो, मी जुन्नर तालुक्यातला हाय म्हणून. पण ऐकतंय कोन?" तो परत गोठ्यावर आला तेव्हा गाई हंबरत होत्या.

बैठक पोट धरून हसली. पण अध्यक्षांनी त्यातलं सार काढलं. "म्हंजे जाळी पायजे," ते म्हणाले. दीर म्हणाला, जाळी पाहिजेच, शिवाय शर्यत संपल्यावर यजमान आधी घरी जातील आणि पाहुण्यांना तासभर आत थांबवायचं. ठराव टाळ्या वाजवून मंजूर झाला. झेंड्याला शिनोलीकडचा एक माणूस बोलावला, कारण तो दोन्ही गावांत कुणाचा कुणी लागत नव्हता. आमच्या यांच्याकडून झेंडा गेला आणि हातात शिट्टी आली. जाळीच्या दारावरची राखण त्यांच्याकडे.

टोमॅटोचे बांबू, कांद्याच्या चाळीची जाळी आणि रानडुकरांसाठी शेताला लावतात तशा जुन्या साड्या, असं मिळून घाटाच्या एका कडेला मोठं कुंपण तयार झालं. दीर त्याला लांबून बघायचा, जवळून बघायचा, बांबू हलवून बघायचा. एवढ्या प्रेमाने त्याने घरच्या गाईकडे कधी पाहिलं नव्हतं.

शर्यतीच्या सकाळी मी मासवड्या केल्या. ज्यांनी केल्यात त्यांना ठाऊक आहे, बेसन शिजवून ते ओल्या फडक्यावर थापायचं, तीळखोबऱ्याचं सारण भरून वळायचं, म्हणजे हाताचा पिट्टा पडतो. भाऊ दारात यायचा का नाही हे माहीत नसताना मी त्याच्या वाटणीच्या जास्तच केल्या. मग रस्सा झाकून ठेवला, उपाशीच घाटावर गेले आणि जाळीच्या दाराशी उभी राहिले. गाडा पळवून झाला की भावाला नियमाने जाळीतच यावं लागणार होतं. तिथे तो माझ्या तावडीतून सुटणार नव्हता.

दारावर आमचे हे. शिट्टी गळ्यात. मला म्हणाले, "सासर का माहेर?"

"आज माहेर," मी म्हटलं.

त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि बाजूला झाले. माझ्यामागून गावातल्या आणखी कितीतरी सुना आत शिरल्या, पोराबाळांसकट. माहेरचे लोक टेंपोंमधून उतरून आत आले आणि जाळी भरली.

इथपर्यंत सगळं इटलीसारखं झालं. पण पाहुणे उन्हात बसलेत, हे आमच्या अध्यक्षांना बघवेना. त्यांनी वर ताडपत्री टाकायला लावली. सावली झाली, मग चहा आला. चहा झाला, मग लिंबू सरबत. मग कुणीतरी म्हणालं, पाहुण्यांना रिकाम्या पोटी ठेवायचं म्हणजे गावाची अब्रू काय राहिली? घराघरांतून मासवडी, रस्सा आणि बाजरीच्या भाकरी येऊ लागल्या. मला चारचौघींनी आग्रह केला, पण भाऊ जेवल्याशिवाय घास घ्यायचा नाही असं मी ठरवलं होतं. शेवटी सरपंच आले आणि जाळीतल्या वडीलधाऱ्यांना फेटे बांधून नारळ द्यायला लागले.

बाहेर आमच्या गावचे लोक कडक उन्हात उभे होते. आपल्याच घरची पातेली आपल्यासमोरून आत जाताना ते बघत होते.

"आमी काय पाप केलं?" पहिला आवाज उठला. दुसऱ्याला आठवलं की त्याची आजी त्या गावची. तिसऱ्याची बायको आत होती, तेव्हा तो जावई म्हणून मानाचा पाहुणा. बघता बघता अर्धं गाव पाहुणं निघालं आणि दाराशी रेटारेटी सुरू झाली. आमचे हे शिट्टी फुंकून लालबुंद झाले. इटलीत लोक जाळी तोडून बाहेर येतात, आमच्याकडे आत यायला बघत होते. दिराने घाबरून दाराला मोटारसायकलची साखळी आणि कुलूप घातलं. मग लोक त्याच्याच मागे लागले. तो पळत जाऊन पाण्याच्या टँकरवर चढला आणि किल्ली खिशात घेऊन तिथेच बसून राहिला.

या सगळ्यात माझ्या भावाचा गाडा पळून गेला. एरवी त्याच्या गाड्याला घाट दणाणतो. आता माहेरचे जेवत होते आणि सासरचे टँकरला वेढा घालून उभे होते. शिनोलीच्या माणसाने झेंडा अगदी जिथल्या तिथे पाडला. गाडा दुसरा आला. कुणी ब्र काढला नाही.

मी जाळीला तोंड लावून बघत होते. भाऊ धुळीने माखलेला, बैलांच्या पाठीवर हात टाकून उभा होता. इकडेतिकडे बघत होता, कुणीतरी काहीतरी बोलेल म्हणून. मला तो फार एकटा दिसला. मग बैल माणसांच्या ताब्यात देऊन तो जाळीच्या दाराशी आला. आत मी, बाहेर हे, मधे कुलूप.

वर्षभरानंतर त्याने यांना पहिलं वाक्य टाकलं. "दाजी, माज्या बहिणीला कोंडून ठिवलं व्हय तुमी?"

"मी न्हाई पावणं. इटलीनं," हे म्हणाले.

भाऊ हसला नाही. त्याने सरळ वाकून एक बांबू उपटायला घेतला. हे शिट्टी फुंकतील आणि सगळंच संपेल, असं वाटलं. यांनी शिट्टी तोंडाशी नेली, मग खाली सोडली. "दमानं, राव," ते म्हणाले. "बांबू उसनं हायती." आणि त्यांनी बांबूचं दुसरं टोक धरलं. दोघांनी मिळून तीन-चार बांबू काढले, जाळी बाजूला केली, आणि मी पदर सावरत बाहेर आले. माझ्या मागून सगळं माहेर निघालं, फेटे आणि नारळ घेऊन.

भावाने मला विचारलं, "ताई, जेवलीस का?"

"नाही," मी म्हटलं. "आणि तू आत्ता माझ्या घरी आला नाहीस तर संध्याकाळीही जेवणार नाही." हे मी जरा जास्तच मोठ्याने बोलले असणार, कारण टँकरभोवतीचे लोकही वळून बघायला लागले.

तो आला. आमच्या स्वयंपाकघरात दोघं समोरासमोर बसले. मी चुलीपुढे भाकरी थापत होते. मग भाऊ म्हणाला, "गेल्या साली झेंडा उशिराच पडला, दाजी."

माझा हात पिठात थांबला.

"वेळंवर पडला," हे म्हणाले.

"उशिरा पडला. आनि ऐका, फुडच्या वर्षी झेंडा तुमीच धरायचा. दुसऱ्या कुनी धरला तर मी गाडा आननार न्हाई. आज हरलो तर एक मानूस भांडाय न्हवतं. हरून तसंच गप उभं ऱ्हायाचं म्हंजे लई वंगाळ वाटतं."

"धरीन की. पर वेळंवरच पाडीन."

"बगू."

मग दोघांचा आवाज चढला, बैलाचं शिंग रेघेपार गेलं की झेंडा पाडायचा का खूर गेल्यावर, यावर. रस्सा सांडला. मला रडू आलं. दोघांनीही ते पाहिलं, आणि मला काही न विचारता भांडण तसंच चालू ठेवलं. तेवढी अक्कल दोघांनाही होती.