गो… रे

आत्या गेली त्याला आता सात आठवडे झाले. त्या दिवशी मी मिरजोळ्याला कारखान्यात पहिल्या पाळीला होतो. दहाच्या चहासाठी मशीन नुकतंच बंद केलं होतं, तेवढ्यात फोन वाजला. शेजारच्या नलूवहिनी होत्या. "गोरे, तसेच निघा," म्हणाल्या. मग थोडं थांबून, "गाडी हळू चालवा. आता घाई करून काय उपयोग नाय…" मला समजलं. स्कूटरवरून घरी येताना रडू यायला हवं होतं, पण डोक्यात भलतंच चालू होतं. माझं आडनाव जाधव आहे, नाव सुमेध. गोरे मी कधीच नव्हतो, आणि रंगाने तर मुळीच नाही, आमच्या घरात सगळे तव्याच्या पाठीसारखे. तरी आमच्या आळीतली निम्मी माणसं मला गोरे म्हणतात. हे नाव मला आत्याने दिलं. तेही चुकून, रोज थोडं थोडं.

आत्या म्हणजे सुजाता जाधव, माझ्या वडिलांची थोरली बहीण. आई मी तीन वर्षांचा असताना गेली, वडील मुंबईत नोकरीला, म्हणून मला आत्याने वाढवलं. ती स्वतः लग्नानंतर दोनच वर्षांत सासर सोडून आली होती. त्याबद्दल कुणी विचारलं तर "नाय जमलं" एवढंच सांगायची, आणि विचारणाऱ्यालाच काहीतरी कामाला लावायची. तिने तीस वर्षं काजूच्या कारखान्यात बिया फोडल्या. टरफलाच्या तेलाने तिची बोटं काळी पडली होती. सुट्टीच्या दिवशी ती राख, लिंबू, चिंच, सगळं लावून ती घासायची. निवृत्त झाल्यावर वर्षभरात बोटं आपोआप निवळली, तेव्हा मात्र तिला करमेना. "ही कुणाची बोटं लागली मला," म्हणायची.

वाचकांना आता एक गोष्ट सरळ सांगतो, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. मी जन्मलो तेव्हा घरात मुलगी झाली असं सगळ्यांना वाटलं. माझं तेव्हाचं नाव इथे लिहीत नाही, त्याला मी विश्रांती दिली आहे. मी मुलगी नाही हे मला पाचव्या-सहाव्या वर्षापासून माहीत होतं, पण सांगायला शब्द नव्हता. आमच्या कोकणातल्या बोलीने मला तेव्हा फार सांभाळून घेतलं. आमच्याकडे लहान पोराला लाडाने "आलंस काय", "जेवलंस काय" असंच विचारतात. त्या "आलंस"मध्ये मुलगाही नसतो, मुलगीही नसते. मी त्यात सुखाने लपून होतो. पुढे वय वाढलं तसं लोकांनी मला "आलीस" करून टाकलं. आत्या मात्र "आलंस"वरच राहिली, पण शेवटी बाईमाणसाला लावतात तो एक "गो" जोडायची. "आलंस काय गो?" तो "गो" मला खड्यासारखा लागायचा, आणि तिला ते ठाऊक नव्हतं.

आयटीआय करून मी पुण्याला गेलो. सहा वर्षं तिकडे नोकरी केली, डॉक्टरांकडे गेलो, उपचार सुरू केले, कागदपत्रं बदलली. आवाज फुटला, दाढी आली. या सगळ्या काळात आत्याशी फक्त फोनवर बोलत होतो आणि सर्दी झाली आहे असं सांगत होतो. दीड वर्षाची सर्दी कुणाला असते? पण तिने कधी विचारलं नाही. शेवटी आठ वर्षांपूर्वी मे महिन्यातल्या एका दुपारी मी बॅग घेऊन दारात उभा राहिलो. ती पडवीत विळीवर बांगडे साफ करत होती. पाठमोरीच म्हणाली, "कोण हाय?" रस्ताभर मोठं भाषण पाठ करून आलो होतो. त्यातला एकच शब्द तोंडातून निघाला. "आलो," मी म्हटलं.

"आलो?" तिने मान वळवली.

"हो. आलो."

तिने हातातला बांगडा खाली ठेवला. माझ्याकडे पायापासून वरपर्यंत पाहिलं. मग पुन्हा विळीकडे वळली आणि म्हणाली, "हात धू. भात झालाय." त्यानंतर दोन दिवस ती कामापुरतंच बोलली. मी मनातल्या मनात परतीची एसटी धरत होतो. मला एवढंच हवं होतं, की ज्या घरात मी वाढलो तिथे मला माझ्या शब्दाने हाक मारली जावी. ते जमणार नसेल तर मी राहणार नव्हतो. तिसऱ्या दिवशी सकाळी तिने चहा पुढे केला आणि विचारलं, "माझं पाळण्यातलं नाव ठावं हाय तुला?"

मला ठाऊक नव्हतं. ते धोंडी होतं. धर्मांतर झालं तेव्हा ती सहा वर्षांची होती. घरातले देव गेले, सण बदलले, आणि वडिलांनी पोरांची नावंही बदलली. धोंडीची सुजाता झाली. "मला लय आवडलं," आत्या म्हणाली. "पण गाव धोंडीच म्हणायचा. माझी जन्मदाती आवस पण. 'धोंड्ये… सुजाता, पाणी आण.' मरेपर्यंत 'धोंड्ये सुजाता'. मी रागवायचे. आता कळतं, ती म्हातारी दर वेळी मधे थांबायची ना, ते माझ्यासाठी थांबायची." मग माझ्याकडे बोट करून म्हणाली, "जीभ जुनी झाली माझी. पण वळवीन. घाई करू नको मला." माझं सुमेध हे नावही तिनेच शोधलं. कागदावर मी काहीतरी फॅशनेबल ठेवलं होतं, ते तिने दोनदा उच्चारून पाहिलं आणि नापास केलं. सगळी कागदपत्रं मला पुन्हा बदलावी लागली.

तिला एकदम सगळं जमलं असं मात्र नाही, आणि ती गेली म्हणून मी तसं लिहिणारही नाही. पहिलं वर्षभर ती विहारातल्या बायकांना सांगायची, "पुण्याहून भाचा आलाय." कुणी विचारलं, "आणि भाची?" तर म्हणायची, "ती… तिकडेच राहिली." मी आत स्वयंपाकघरात ऐकत असायचो. एकदा तर त्या तिकडे राहिलेल्या भाचीसाठी एक स्थळही चालून आलं आणि आत्याची तारांबळ उडाली. मी चार दिवस धड बोललो नाही. पुढच्या वैशाख पौर्णिमेला खीरदान चालू असताना तिने पळी खाली ठेवली आणि बायकांना सांगून टाकलं, "ती भाची नि हा भाचा एकच हाय. मी खोटं बोलले. खीर घ्या." बायकांनी खीर घेतली. दोघीतिघींनी दुसऱ्यांदा घेतली.

आणि गोरे? ते असं झालं. संध्याकाळी माझी स्कूटर वाजली की ती आतून हाक मारायची. जुनी सवय आधी बाहेर पडायची, मग तिला आठवायचं. "आलंस काय गो… रे?" पहिल्या वर्षी त्या दोन अक्षरांमध्ये पदराला हात पुसून होईल एवढा वेळ जायचा. हळूहळू अंतर कमी झालं, अक्षरं जवळ आली. आमच्या आळीत जाधवांची अकरा घरं आहेत, त्यामुळे गॅसवाल्याला वेगळं नाव मिळालं ते बरंच झालं. त्याने ऐकलं तसं धरलं. मग नलूवहिनी, मग दूधवाला. मी तक्रार केली तर आत्या म्हणाली, "तुझ्यासारख्या काळ्याला गोरे म्हणतात, तर गप ऱ्हा."

मागच्या इमारतीत एक निवृत्त गृहस्थ नवे राहायला आले होते. ही हाक रोज त्यांच्या खिडकीत जायची. एका रविवारी ते मुद्दाम ओळख करून घ्यायला आले. खुर्चीत टेकत म्हणाले, "गोरे म्हणजे मूळचे मुरुडकडचे का? आपल्यातलेच निघाल." आत्या चहा घेऊन आली. "मुरुडचे नाय हो," म्हणाली. "हे गोरे हितंच तयार झाले, ह्या पडवीत." गृहस्थांनी मान वर केली. समोर भिंतीवर बुद्धाची तसबीर होती आणि बाजूला निळा झेंडा. कप हातात तसाच राहिला… मग त्यांनी घोट घेतला आणि साखर जरा जास्त झाली आहे म्हणाले. चहा मात्र पूर्ण प्यायले. ते गेल्यावर आत्या कप विसळत बराच वेळ हसत होती. "माझ्या लहानपणी ह्यांना आपलं पाणी चाललं नसतं. आता साखरेवर बोलतो." गृहस्थ नंतरही मला गोरेच म्हणत राहिले, सगळं कळल्यावरसुद्धा. आत्या गेल्यावर तिच्या पुण्यानुमोदनाला ते आले आणि शेवटच्या रांगेत शेवटपर्यंत बसले.

गेल्या वर्षी आत्या अंथरुणाला खिळली. बोलणं कमी झालं, पण स्वच्छ झालं. दिवाळीच्या सुमारास एका संध्याकाळी मी स्कूटर लावली आणि आतून हाक आली, "आलास काय रे?" मध्ये काही नाही. "आलंस"चं "आलास" झालं होतं आणि "गो" पुरता गेला होता. जे मला हवं होतं ते अखेर मिळालं. मी हेल्मेट हातात धरून उभा राहिलो, आनंद झाला, खूपच झाला. आणि त्याच आनंदात काहीतरी हरवल्यासारखंही वाटलं. वडीलही आता नव्हते, मी पाच वर्षांचा होतो तेव्हाचा साक्षीदार घरात तिच्याशिवाय कुणी उरला नव्हता. तिने जिभेवरून ते पोर पुसून टाकलं, तर ते होतं हे कोण सांगणार?

ती गेली त्याच्या आदल्या रविवारी मी तिला पेज भरवत होतो. म्हटलं, "आत्या, एकदा गो म्हण की."

"कशाला?"

"असंच."

"मेल्या," ती म्हणाली, "एवढी वर्षं जीभ वळवली मी. आता परत सरळ करायला लावतोस?" आणि हसता हसता तिला ठसका लागला. मी पाठ चोळली. ती डोळे मिटून पडली, झोपली असंच मला वाटलं. मग अगदी हळू म्हणाली, "गो बाय माझे." एक डोळा उघडून माझ्याकडे पाहिलं. "चाललं?"

"चाललं," मी म्हटलं.

आता पाळी संपवून घरी येतो. स्कूटर लावतो, हेल्मेट काढतो आणि पडवीच्या पायरीवर थांबतो. परवा नलूवहिनींनी कुंपणावरून विचारलं, "गोरे, चावी विसरलात काय?"

"नाही, आहे."

"मग असे उभे का?"

त्यांना काय सांगणार… "गो" आणि "रे"च्या मध्ये ती जेवढी थांबायची, तेवढाच मी थांबतो. मग आत जातो.