डावखुऱ्या पिचरची बैठक

दिवाळीचा फराळ संपत आला आणि डब्यात चिवड्याचा नुसता चुरा उरला, की आमच्याकडे कुणीतरी मला ही गोष्ट सांगायला लावतं. माझी मुलगी लगेच उठते. "आई, प्लीज, नॉट द चिवडा स्टोरी अगेन," म्हणते, आणि दारात उभी राहून शेवटपर्यंत ऐकते. सांगताना मी स्वतःला जरा जास्तच हुशार करून घेते असा ह्यांचा आरोप आहे. म्हणून यंदा लिहूनच काढतेय. लिहिताना माणूस जरा घाबरून असतो.

ऐंशीच्या दशकाचा मध्य. आम्ही अमेरिकेत, पार्सिपनी नावाच्या गावात राहत होतो. हे एका कंपनीत इंजिनिअर, आणि मी दिवसभर खिडकीतून पार्किंग लॉटमधल्या गाड्या ओळखायला शिकत होते. टायपिंगचं सर्टिफिकेट लग्नात दागिन्यांच्या डब्यातून आलं होतं, ते तिथेच पडून होतं. एक दिवस पेपरात जाहिरात दिसली: ऑफिससाठी असिस्टंट पाहिजे, टायपिंग यावं, फोनवर गोड बोलता यावं. गेले.

ऑफिस एका बेकरीच्या वर होतं. जिना चढेपर्यंत भूक लागायची. एकच मोठी खोली, तिला लागून साहेबांची छोटी केबिन, आणि भिंतीवर टोप्या घातलेल्या तरुणांचे फोटो. साहेब आडव्या अंगाचे, टायवर सूपचा डाग. त्यांनी विचारलं, "बेसबॉल कळतं?"

"नाही."

"उत्तम. ज्यांना कळतं त्या माझ्या खेळाडूंशी तास तास फोनवर बोलत बसतात. उद्यापासून ये."

मी म्हटलं, "थँक यू, सर." त्यांनी मागे वळून पाहिलं, कोण आलं म्हणून. तिथे सगळे एकमेकांना नावानं हाक मारायचे. पण वयानं मोठ्या माणसाला नावानं हाक मारायला माझी जीभ वळेना. नवऱ्याचं नावही मी उखाण्यातच घेतलेलं! शेवटी 'सर'च राहिलं, आणि पुढे कितीतरी दिवस ते दचकून मागे बघत राहिले.

त्यांचा धंदा मला आठवड्याने समजला. ते बेसबॉल खेळाडूंचे एजंट होते. आधी साधे वकील, लोकांच्या घरखरेदीचे कागद करायचे. शेजारच्या मुलाला एका क्लबने घेतलं तेव्हा त्याच्या बापाने करार वाचायला साहेबांकडे आणला. साहेबांनी वाचून दोन ओळी खोडल्या आणि तिसरी वाढवून घेतली, तिथून हे सुरू झालं. मला म्हणाले, "पोराला चेंडू टाकता येतो. पण आपण किती छान टाकतो, हे त्याला स्वतःच्या तोंडाने सांगता येत नाही. सांगायला गेला तर लाजतो, नाहीतर भांडतो. म्हणून मी."

मला एकदम आमचे थोरले मामा आठवले. घराण्यातलं एकही लग्न त्यांच्याशिवाय ठरलं नाही. बैठकीत मुलीचा बाप खाली मान घालून सुपारी कातरत बसायचा आणि बोलायचे मामा. मामांना शाल-नारळ मिळायचा आणि साहेबांना कमिशन, एवढाच काय तो फरक. मी आईला पत्रात कळवलं, इथे एका मामांच्या ऑफिसात नोकरी लागली आहे, काळजी नसावी.

साहेबांकडे तेव्हा मोजून तीन खेळाडू होते. एकाचा गुडघा दुखायचा, एक कुठल्यातरी लहान गावच्या टीममध्ये चमकायची वाट बघत होता, आणि तिसरा होता आमचा डावखुरा पिचर. पिचर म्हणजे आपल्या क्रिकेटमधला बोलर समजा. ऑफिसचं भाडं, फोनचं बिल आणि मी, असे सगळे त्याच्या डाव्या हातावर उभे होतो. सव्वीस वर्षांचा, दारातून वाकून यावं लागेल एवढा उंच, आणि लाजाळू इतका, की कॉपी मशीनमधून कागद बाहेर आला तरी थँक यू म्हणेल. हिवाळ्यात खेळ बंद असताना आईकडे राहायचा. आई एका शाळेच्या स्वयंपाकघरात काम करायची. दर सोमवारी तिचा फोन. कराराचं काय झालं, हे विचारायला केलेला, पण त्यात मुलाच्या तक्रारीच जास्त. वजन वाढलंय. नऊ वाजले तरी उठत नाही. मला फार बरं वाटायचं. माझ्या सासूबाईंचं पत्र कुणीतरी इंग्रजीतून वाचून दाखवतंय असं.

त्या हिवाळ्यात त्याचा करार अडला. त्याने एक आकडा सांगितला, क्लबने दुसरा. फेब्रुवारीत ठरलेल्या दिवसापर्यंत जमलं नाही तर प्रकरण लवादापुढे जाणार. या सुनावणीत एक गोष्ट अशी असते, की क्लबचा वकील उभा राहून खेळाडूचे दोष वाचून दाखवतो आणि खेळाडू समोर बसून ते ऐकतो. मग त्याच क्लबसाठी उन्हाळाभर घाम गाळतो. साहेबांचा एक खेळाडू आदल्या वर्षी यातून गेला होता. बाहेर येऊन बराच वेळ गाडीत बसून राहिला, आणि आठवड्याने त्याने एजंट बदलला.

"आणि हा तर त्याच्यापेक्षा हळवा," साहेब म्हणाले. "याला त्या खोलीत बसवायचं नाही. बसवला तर हाही जाईल, आणि मग आपण खालच्या बेकरीत पाव विकायचे." हसून म्हणाले, पण पेन्सिल चावत होते.

क्लबचा करार बघणारा माणूस बोलणी करायला अकरा वाजता येणार होता. त्या दिवशी नेमका बर्फ. तो साडेदहालाच आला, आणि साहेब हायवेवर अडकले. पेट्रोल पंपावरून त्यांचा फोन आला. "त्याला बसव. आणि काही बोलू नकोस."

पहिली सूचना मी मनापासून पाळली. दुसरीचा अर्थ मी असा घेतला, की पैशांबद्दल काही बोलू नकोस. घरी आलेल्या माणसाला भिंतीकडे बघत बसवणं तर कुणी सांगणार नाही! मी हॉट प्लेटवर आल्याचा चहा केला, माझ्या डब्यातला पोह्यांचा चिवडा बशीत काढला. त्याने आधी एक शेंगदाणा उचलला, मग दुसरा, मग मूठ भरून. खाता खाता म्हणाला, "तुमचा मुलगा गुणी आहे हं. आम्हाला आवडतो."

आता मला सांगा, आपल्याकडे यावर काय म्हणतात? 'हो, आहेच गुणी' असं म्हणणारी बाई मी तरी आजवर पाहिलेली नाही. माझ्या आईसमोर कुणी माझं कौतुक केलं की ती म्हणायची, "कसली हो, वरणाला फोडणी देता येत नाही." मग समोरची म्हणायची, "काहीतरीच काय, किती गोड मुलगी आहे!" कौतुक असं दोन फेऱ्यांत पुरं व्हायचं. तर मीही म्हटलं, "कसलं हो! वजन किती वाढलंय. नऊ वाजले तरी उठत नाही. आई आहे म्हणून चाललंय."

आणि 'छे छे, काहीतरीच काय' ऐकायला थांबले. त्याने खिशातून छोटी वही काढली आणि लिहून घेतलं.

साहेब आले, दार बंद करून दोघं बोलले. तो माणूस अर्ध्या तासात बाहेर पडला, उरलेला चिवडा कागदी पिशवीत बांधून मागितला, मी दिला. मग साहेब बाहेर आले.

"त्याने आकडा आणखी खाली आणला. वजन वाढलंय म्हणतो, उशिरा उठतो म्हणतो. त्याला कुणी सांगितलं?"

"मी."

"का?"

"त्याने कौतुक केलं म्हणून."

साहेब माझ्या टेबलाच्या कोपऱ्यावर बसले. डॉक्टर विचारतो तशा हलक्या आवाजात म्हणाले, "नीट सांग बरं." मी दोन फेऱ्यांची पद्धत समजावून सांगितली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "आणि त्याने दुसरी फेरी काय केली?"

"वहीत लिहिलं."

नोकरी गेली, असंच मला वाटलं. पण ते इतकंच म्हणाले, "गुरुवारी तो परत येतोय. शेवटची संधी. मुलगाही येईल. तू टाइपरायटरपाशी बसायचं. आग लागली तरी ओरडायचं नाही. कागदावर लिहून दाखवायचं."

घरी सांगितलं तर हे म्हणाले, "पण वजन वाढलंय ना खरंच?"

"हो."

"मग यात तुझं काय चुकलं?" इंजिनिअरशी लग्न केलं की असा आधार मिळतो.

सोमवारी त्याच्या आईचा फोन आला आणि मी तिच्यापाशी सगळं कबूल केलं, रडत रडत. तुमच्या तक्रारी मी वैऱ्याच्या हातात दिल्या, असंच काहीतरी बोलले. मग ती म्हणाली, "रडू नको, हनी. गुरुवारी किती वाजता?"

साहेबांचा नियम होता, बोलणी करताना घरची माणसं नकोत. आया तर नकोतच. गुरुवारी ती बसने आली. डोक्यावर चर्चला जायची टोपी, मांडीवर पर्स दोन्ही हातांनी धरलेली. मागे तिचा मुलगा, दारातून वाकून आला तो वाकलेलाच राहिला. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी कागदावर लिहून दाखवलं: सॉरी.

एवढी माणसं केबिनमध्ये मावेनात, म्हणून मोठ्या टेबलापाशी, माझ्यासमोरच बैठक बसली. क्लबच्या माणसाने वही उघडली. वाचायला लागला. वजन. सकाळचं उठणं. ऑगस्टमधल्या दोन मॅचेस. मुलगा आपल्या डाव्या हाताकडे बघत होता, कान लालबुंद. साहेबांना जे टाळायचं होतं ते लवादापर्यंत जायच्या आधीच सुरू झालं होतं, आमच्याच खोलीत, माझ्याच शब्दांत. मी रुमाल तोंडात धरला.

"एवढंच?" त्याची आई म्हणाली. "मोजे सोफ्याखाली टाकतो ते नाही लिहिलं? लिहा. साधं अंडं तळता येत नाही. कचरा मंगळवारी बाहेर ठेव म्हटलं तर शुक्रवारी ठेवतो. सव्वीस वर्षांचा घोडा! खरं सांगू, तुम्ही याला ठेवता तरी कशाला? मी तुमच्या जागी असते तर सोडून दिला असता."

मुलगा खुर्चीत आणखी खाली गेला. साहेबांनी डोळे मिटले.

आणि क्लबच्या माणसाने वही खाली ठेवली. "नो, मॅम," तो म्हणाला. "असं नका म्हणू. गेल्या उन्हाळ्यात आमचे बाकीचे पिचर एकेक करून दुखापतीने बसले तेव्हा हा एकटा उभा होता. हात दुखत असताना टाकत होता, एकदाही बोलला नाही."

"पण ते वजन?"

"मॅम, पिचरला थोडं वजन लागतंच!"

"आणि आळस?"

"आळस? हा? याच्यासारखा डावखुरा आमच्याकडे दुसरा नाही. अजून कित्येक वर्षं मिळणार नाही."

साहेबांनी एक डोळा उघडला. मग दुसरा. "हे शेवटचं," ते अगदी हळू म्हणाले, "जरा पुन्हा सांगाल? ती टाइप करून घेईल."

मी टाइप करायला लागले. खोलीत तेवढाच आवाज. त्या माणसाने माझ्याकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, आपल्या वहीकडे पाहिलं, आणि सगळ्यांत आधी तोच हसायला लागला. मग मुलाने मान वर केली. तो हसला तेव्हा कळलं की त्याचे पुढचे दोन दात किंचित एकमेकांवर आहेत. इतक्या दिवसांत मी त्याला हसताना पाहिलंच नव्हतं.

तासाभरात ठरलं, आणि साहेबांना हवं होतं त्याच्या जवळपास ठरलं. लवाद नाही, सुनावणी नाही. मी चहा केला. चिवड्याचा डबा मधोमध ठेवला आणि डावखुऱ्याने तो उजव्या हाताने रिकामा केला. जाताना त्याची आई माझ्या कानाशी आली. "मुलगा सोन्यासारखा आहे गं. त्याला सांगू नकोस."

हे मी ठरवून घडवलं असं दिवाळीत मी सांगते, ते खोटं आहे. मी फक्त रडले होते. पण साहेबांनी ती युक्ती सोडली नाही. पुढे त्यांच्याकडे खेळाडू वाढले, बेकरीवरून आम्ही लिफ्ट असलेल्या इमारतीत गेलो, आणि नवा मुलगा आला की करार वाचण्याआधी ते विचारायचे, "आईला बस परवडेल ना?"

हे मात्र त्याआधीचं, त्याच वसंतातलं. साहेबांनी मला विचारलं, "तुला पगारवाढ किती हवी?"

मी म्हटलं, "तुम्हाला योग्य वाटेल ती."

त्यांनी कपाळाला हात लावला. "माझ्याच ऑफिसात! अगं, तुला एजंट हवा. घरी कोण आहे?" आणि त्यांनी ह्यांना ऑफिसात फोन लावला, स्पीकरवर. "मी तुमच्या बायकोचा पगार ठरवतोय. तुम्ही तिच्या बाजूने बोलायचं. कशी आहे ती कामाला?"

हे चांगल्या घरातले. "ठीक आहे," ह्यांचा आवाज आला. "टायपिंग जरा हळू आहे. आणि बोलते फार."

मी डोळे मिटले.

"हळू?" साहेब भडकले. "काहीतरीच काय! अहो, तिच्यासारखं माणूस या ऑफिसला मिळालं नव्हतं. ती नसती तर आज मी खाली पाव विकत असतो!" आणि बोलता बोलता थांबले, कारण मी टाइपरायटरमध्ये कोरा कागद चढवला होता.

"सर," मी म्हटलं, "हे शेवटचं जरा पुन्हा सांगाल?"

जुन्या सवयीने त्यांनी आधी मागे वळून पाहिलं. मग सांगितलं.