होडीचा वाटा

मंडळी, दुपारपासून डोकं तापलंय, म्हणून इथे लिहितेय.

आमच्या कोळीवाड्यातल्या शाळेत मी तिसरीला शिकवते. गुणाकार-भागाकार चित्रगोष्टींच्या पुस्तकांतून घेते. आज साहेब तपासणीला आले. "गोष्टींनी कुठे गणित येतं का, बाई? दाखवा बघू."

मी पान उघडलं. होडीत बसलेली तीन मांजरं आणि त्यांनी पकडलेले बारा मासे. साहेबांनी समीक्षाला उभं केलं. "सारखे वाटले तर प्रत्येक मांजराला किती?"

"तीन."

साहेब माझ्याकडे बघून हसले. "झालं! हीच का तुमची पुस्तकं?"

समीक्षाचे डोळे भरले, पण ती खाली बसेना. मी कसंबसं विचारलं, "तीन कसे गं?"

तिने चित्रातल्या होडीवर बोट ठेवलं. "पयला होरीचा वाटा काढाचा ना, बाई?"

तीन मांजरं आणि चौथी होडी. इथे घरोघरी मासळीचे वाटे असेच पडतात. पोरीचा भागाकार चोख होता! मी साहेबांना ते सांगितलं, तर म्हणाले, "परीक्षेत होडीला वाटा नसतो. उद्यापासून पुस्तकं बंद, पाढे घ्या."

ते गेल्यावर मी समीक्षाला जवळ घेऊन म्हटलं, "पेपरात चार लिही हं."

तिने मान हलवली. मग हळूच विचारलं, "पन बाई, वाटा नाय दिला आनी होरी फुटली, तं मासे कशात बसून पकराचे?"

पुस्तकं अजून माझ्या टेबलावरच आहेत. तुम्ही असता तर उद्या काय केलं असतं?