पायाखालची हळद

मालकीणबाईंनी पितळी वाटी अंगणात पालथी केली. ओली हळद मातीत गेली. वाटीत माझं एक बोट बुडालं होतं, एवढंच.

"बाटवली! नवरीच्या अंगाला लागायची हळद बाटवली रांडंनं!"

जळणातलं लाकूड उचलून त्यांनी माझ्या मनगटावर हाणलं. हाताला हात लागू नये म्हणून लाकूड. मी ओट्याच्या पायरीवर, पिवळं बोट वर धरून उभी. जसं काही बोटच गुन्हेगार, बाकीची मी निर्दोष.

तुम्ही विचाराल, गावकुसाबाहेरची पोरगी मालकाच्या ओट्यावर चढलीच काहून? सांगते. हसा खुशाल.

कुरुंद्याच्या अंगाला आमचं गाव. मुलखात राज निजामाचं, गावात मालकाचं. बाप नव्हता. हळद शिजून वाळली की आम्ही मायलेकी मालकाच्या खळ्यावर राबायचो, पैशाऐवजी जवारीवर. मालकाचा थोरला लेक हैदराबादेत इंग्रजी शिकायचा. सुट्टीत ओट्यावर खुर्ची टाकून बसायचा अन् धाकट्या बहिणीला लाडानं 'लिटल' म्हणायचा. एकदा मी पाण्याला चालले होते, तर मलाही म्हणाला, "ए लिटल, बाजूला हो."

झालं! ताईसाहेबांचं नाव मला मिळालं. वस्तीभर सांगत सुटले, मला विंग्रजी नाव हाय. शेळीलाही सांगितलं असेल. ते 'बाजूला हो' मात्र कुणाला सांगितलं नाही. एवढी अक्कल होती बघा.

ताईसाहेबांचं लग्न ठरलं. हळदीच्या दिवशी बाया एकेक करून त्यांच्या गालाला हळद लावून राहिल्या होत्या. मी मायसंगं कुंपणाशी, केस पाण्यानं चापून बसवलेले. वाटलं, आमी दोघी एका नावाच्या, एक बोट आपणबी लावावं. चढले.

मार खाल्ल्यावर तरी गप्प राहावं का नाही? रडत रडत थोरल्या लेकालाच विचारलं, "दादासाहेब, तुमी ताईसाहेबांला बी लिटल म्हणता, मला बी म्हणता. मंग?"

त्यानं पाव्हण्यांकडं पाहिलं. "तिला म्हणतो ते लाडकी, नाजूक म्हणून. तुला म्हणतो ते क्षुल्लक म्हणून. अन् तुझी अक्कल लिटल, म्हणजे जवळजवळ नाहीच."

सगळा ओटा हसला. अन् ऐका, मीही हसले. मार लागल्याची लाज नाही मला. हसले, त्याची आहे. वाटलं, निदान हसण्यात तरी घेतील. खाली माय मातीला कपाळ टेकून होती. "लेकरू हाय, मालकीण. लेकरू हाय."

मालकीणबाईंनी गड्याला हुकूम सोडला, "कोठीतलं नवं पोतं फोड. चांगली झळाळीची हळकुंडं आण. दुसरी दळू."

ते पोतं मी ओळखलं.

वाळलेल्या हळकुंडाची साल निघून झळाळी यावी म्हणून ती पायाला गोणपाट गुंडाळून तुडवतात. ते काम आमचं. गोणपाट फाटलं की उघड्या टाचेनं तुडवायचं. भेगांतलं रगत, घाम, सगळं त्यातच. तीच हळकुंडं जात्यात गेली. बायांनी ओव्या म्हटल्या. पहिली चिमूट देवाला, मग नवरीच्या कपाळाला, गालाला.

मी सुजलेलं मनगट मांडीवर घेऊन बघत होते. माझ्या बोटाचा विटाळ होता. टाचेचा नव्हता. टाचेवाचून त्यांचा माल बाजारात खपला नसता. तेव्हा पहिल्यांदा मला हसू आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी गडी वस्तीच्या तोंडाशी आला. "चला गं, अजून पोती पडलीत. पाय बांधा."

माय उठली. मी नाही.

"ही काहून बसून राहिली?"

"मी येत न्हाई."

"मंग खाशील काय? विंग्रजी?"

"माती खाईन. मालकिणीला सांग, माझा हात चालत न्हाई तर पायबी चालणार न्हाई. लेकीच्या गालाला कोणाची टाच लागली, तेबी सांग."

गड्यानं मागं वळून पाहिलं, कुणी ऐकलं का. "गप, पोरी. घर जाळतील."

"जाळू दे."

माय खळ्याच्या वाटेवर दोन पावलं गेली. थांबली. परत येऊन माझ्याजवळ बसली.

जवारी बंद झाली. सरपणाच्या मोळ्या वाहिल्या, उपास काढले. शेजारच्या बाया म्हणाल्या, माज आला. खोटं कशाला बोलू, भुकेपायी कितीदा वाटलं, जावं, मुकाट तुडवावं.

गेले नाही. माझ्या लेकी गेल्या नाहीत. नातींनाही जाऊ देणार नाही.