मदरनी विचारलं होतं

मला कुत्रा चावला तेव्हा सिस्टर रेजिना पहिल्यांदा भेटल्या. पोलादपूरच्या त्यांच्या छोट्या दवाखान्यात मी अशी किंकाळी फोडली की कशेडीत दोन ट्रक बंद पडले, आंबेनळी घाटातली माकडं महाबळेश्वरला राहायला गेली, आणि चावणाऱ्या कुत्र्यालाही पश्चात्ताप झाला असावा.

"दादा," सिस्टर शांतपणे म्हणाल्या, "सुई अजून माझ्या हातातच आहे."

वसईच्या या बाई बावीस वर्षं इथं होत्या. आवाज फौजदाराचा, पण मुंबईहून त्यांच्या मठाच्या मोठ्या मदरचा फोन आला की उभ्या राहून बोलत. मी चिडवायचो, "सिस्टर, तुमच्यात आणि बैलात फरक काय?"

"बैलाला दुसऱ्यानं बांधलंय. माझं दावं मी स्वतः बांधून घेतलंय."

"बैलाला विचारलंत कधी?"

त्या खो खो हसायच्या. एका ऑगस्टनंतर हसेनाशा झाल्या.

वरच्या धनगरवाडीतून मंगेश धावत आला होता. त्याची बायको मानसी बाळंतपणात अडली होती आणि दरड कोसळून रस्ता बंद. सिस्टरांनी मदरना फोन केला. "जाऊ नकोस, अँब्युलन्स येऊ दे," मदर म्हणाल्या. सिस्टर थांबल्या. अँब्युलन्सही दरडीपाशी थांबली. दुपारी चारला वाडीवाल्यांनी डोली आणून दवाखान्याच्या मागच्या पायरीवर टेकवली. मानसी वाटेतच गेली होती. मूलही.

तेव्हापासून रोज चारला सिस्टरांना डोली टेकल्याचा आवाज यायचा. त्या हातातलं काम टाकून मागचं दार उघडायच्या. कुणी नसायचं. "मांजर असेल," म्हणत एकदा मीच दार उघडलं. पाऊस धो धो पडत होता, पायरी ओलीचिंब. फक्त मधोमध, माणूस निजेल एवढी जागा कोरडी. मी थट्टा खिशात घालून घरी आलो.

त्यांचा स्वयंपाक करणारी बयाबाई म्हणाली, "कौल लावू गो शिस्टर. देवीच्या पाषाणाला तांदूळ चिकटवायचे. उजवा दाणा पडला तर तुझी चूक नाय."

"उत्तर मला माहीत आहे, बया. मदरनी फोनवर आधी विचारलं होतं, तुला काय वाटतं? मला जावंसं वाटत होतं. मी म्हणाले, तुम्ही सांगाल तसं. देवाला मन वाहायचं तर ते आधी उघडायला नको? मी बंद डबाच वाहिला."

मार्चमध्ये बदलीचा फोन आला. सिस्टर माझा रक्तदाब मोजत होत्या. मदरचा आवाज मलाही ऐकू येत होता. "तुला काय वाटतं, रेजिना?"

सिस्टर खाली बसल्या. पट्टा माझ्या दंडावर फुगलेलाच.

"मला जायचं नाही, मदर. वाडीत जानूची सून पोटुशी आहे. या वेळी मला वर चढून जायचंय."



"ऐकलं. तरीही ये."

"येते."

तेवढ्यात मागे लाकूड टेकल्यासारखं वाजलं. या वेळी मीही ऐकलं. सिस्टर दार उघडून पायरीवर जाऊन बसल्या आणि पहिल्यांदाच मोठ्यानं रडल्या. मी पट्टा स्वतःच सोडला.

एप्रिलमध्ये त्या गेल्या. दवाखाना बंद झाला. जानूच्या सुनेला महाडला नेलं, तिला मुलगी झाली. सिस्टर सध्या नागपूरकडे एका शाळेचं वाचनालय सांभाळतात.